रिपोर्ट चांगले, तरी मॅडम थकलेल्या : नागपूरच्या एका शिक्षिकेचं प्रकरण

दक्षिण नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत गणित शिकवणाऱ्या या बाईंना मी इथे ‘मॅडम’ म्हणणार आहे. कॉलनीत, भाजीवाल्याकडे, अगदी नणंदेच्या फोनवरही त्यांना तेच म्हणतात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम तसाच ठेवला आहे. मी दीर्घ आजाराच्या रुग्णांबरोबर समुपदेशनाचं काम करते. औषधं आणि तपासण्या त्यांच्या पोटविकारतज्ज्ञांनी पाहिल्या, तो भाग त्यांच्या परवानगीने इथे घेतला आहे.

मार्च 2023 मध्ये मॅडम पहिल्यांदा आल्या. वय 51. हातात जाडजूड फाइल आणि तोंडी एकच प्रश्न : “डॉक्टर म्हणतात रिपोर्ट छान आहेत. मग मी अशी का होऊन राहिली, ताई?”

आजार कोणता

निदान नोव्हेंबर 2021 चं. प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, बोलण्यात पीबीसी. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा यकृतातल्या अगदी बारीक पित्तनलिकांवर उलटते. पित्त साचतं, सूज राहते, आणि दुर्लक्ष झालं तर बऱ्याच वर्षांनी यकृत निबर होत सिरोसिसपर्यंत जातं. दहा रुग्णांपैकी नऊ बायका, त्याही बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या. दारूशी याचा संबंध नाही आणि हा एकापासून दुसऱ्याला लागत नाही. ही दोन वाक्यं मॅडमना गेल्या काही वर्षांत इतक्या जणांना सांगावी लागली आहेत की आता त्या ती पाढ्यासारखी म्हणतात.

आपल्याकडे हा आजार कमी दिसतो, म्हणून लगेच कुणाच्या डोक्यात येत नाही. खाज सुटते म्हणून त्वचेच्या डॉक्टरकडे, थकवा येतो म्हणून रक्तवाढीच्या गोळ्यांकडे, असा फेरा होतो. मॅडमचाही झाला. शेवटी पित्ताच्या वाटेत अडथळा आला की रक्तात वाढणारं अल्कलाइन फॉस्फेटेज 486 आलं (त्या लॅबची वरची मर्यादा 120), आणि पीबीसीच्या सुमारे 95 टक्के रुग्णांत सापडणारी एएमए ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह निघाली. बिलिरुबिन नॉर्मल होतं. फायब्रोस्कॅनमध्ये यकृताचा कडकपणा 7.4, म्हणजे सिरोसिसपासून पुष्कळ लांब. उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल, बोलण्यात उर्सो, सुरू झालं. याचा डोस किलोमागे रोज 13 ते 15 मिलिग्रॅम धरतात. मॅडमचं वजन 62 किलो, म्हणून 300 च्या तीन गोळ्या.

माझ्याकडे आल्या तेव्हा फॉस्फेटेज 168 वर उतरलेलं होतं. वर्षभराच्या उपचारानंतर हा आकडा वरच्या मर्यादेच्या 1.67 पटीखाली आला, तर औषध नीट लागू पडलं असं तज्ज्ञ साधारणपणे मानतात. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असताना औषध असं लागू पडलं की आयुर्मान चारचौघांइतकंच राहतं. तेव्हा डॉक्टर काही त्यांची समजूत घालत नव्हते. रिपोर्ट खरोखरच छान होते.

आणि थकवाही खरा होता. पीबीसीच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना थकवा असतो, आणि तो यकृत किती बिघडलं आहे यावर अवलंबून नसतो. यकृत जवळपास धडधाकट असलेली बाई दुपारी आडवी पडलेली असू शकते, आणि सिरोसिस झालेला माणूस दुकान चालवत असू शकतो. उर्सो यकृताला वाचवतं, थकव्याला हात लावत नाही. हे निदानाच्या दिवशीच घरच्यांना समोर बसवून सांगितलं गेलं असतं, तर पुढचं निम्मं प्रकरण घडलंच नसतं असं माझं मत आहे.

घरातले दोन पक्ष

यजमान वीज खात्यातून निवृत्त झालेले. हिशेबी माणूस, मनाने चांगला. त्यांचं म्हणणं : “रिपोर्ट नॉर्मल येऊन राहिले न, मग आता मनातून काढून टाक. थोडी फिरायला लाग.” दुसऱ्या पक्षात सासूबाई आणि अमरावतीच्या नणंदबाई. लिव्हर म्हटलं की संपलं, एवढंच त्यांना ठाऊक. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने तर एका रात्री फोनवर “मी देतो माझं अर्धं लिव्हर” असं सांगून टाकलं होतं. मॅडम हे सांगताना हसल्या आणि लगेच डोळे पुसले.

यजमान काय आणि सासूबाई काय, दोघं एकाच मापाने मोजत होते. थकवा म्हणजे यकृताचा मीटर. यजमान मीटर नॉर्मल बघून थकवा नाकारत होते, सासूबाई थकवा बघून मीटर बिघडला असं धरून चालल्या होत्या. मुलाला डॉक्टरांनी समजावलं ते फार नेमकं होतं : आईला प्रत्यारोपणाची गरज नाही, आणि नुसत्या थकव्यासाठी यकृत बदलत नाहीत, कारण बदलल्यावरही बऱ्याच जणांचा थकवा उरतो.

सेवा मात्र दोन्ही पक्षांनी मनापासून केली, आणि तीच अंगलट आली. सहा महिने मॅडमना उकडलेलं मूग, बिनतेलाची भाजी आणि उन्हाळ्यात रोज उसाचा रस, जणू साधी कावीळच झाली होती. वजन घसरलं, दंड सैल पडले. पीबीसीत सिरोसिस नसेल तर वेगळं पथ्य लागत नाही. पोटभर जेवण आणि पुरेसं प्रथिन लागतं, डाळ-दही-अंडी यांना बंदी नाही. त्यात करोनाच्या दिवसांत नणंदबाईंनी सुरू करून दिलेला गुळवेलीचा काढा बंदच झाला नव्हता. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली होती. ज्यांची प्रतिकारयंत्रणा मुळातच स्वतःवर उलटलेली आहे त्यांनी ती आणखी चेतवणारं काही घेऊ नये, असं यकृततज्ज्ञ सांगतात. काढा थांबवल्यावर तीन महिन्यांत मॅडमचं एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, 142 वरून 51 वर आलं. नणंदबाईंना हे कसं सांगायचं यावर मात्र आमचा अख्खा एक तास गेला.

वही

गणिताच्या बाईंना वही घाला म्हटलं की काम सोपं होतं. दोन आठवडे दिवसातून चार वेळा थकव्याला दहापैकी गुण द्यायचे आणि शेजारी दोन शब्द लिहायचे. एका गुरुवारची नोंद जशीच्या तशी :

“सकाळी 3. शाळा, चार तास. दु. 2 ला 7. साडेचारला 9. पोळ्या खाली बसून केल्या. सहाव्या पोळीला लाटणं हातातून सुटलं. ह्यांना वाटलं मी आपटलं. रात्री 1.40 खाज, तळपाय. ओला नॅपकिन गुंडाळला. 3 ला पुन्हा.”

ही नोंद यजमानांनी माझ्यासमोर वाचली आणि बराच वेळ वही मिटली नाही. लाटणं आपटलं असंच त्यांना खरंच वाटलं होतं.

वहीतून बऱ्याच गोष्टी बाहेर आल्या. रात्रीची खाज हा सर्वांत मोठा चोर होता. पीबीसीत खाज रात्री आणि गरमीत जास्त, तळहात-तळपायांना विशेष. झोपेचे तुकडे होतात आणि दिवस आधीच गेलेला असतो. त्यासाठी मॅडम दिवसाही साध्या ॲलर्जीची गोळी घेत होत्या. तिचा या खाजेवर फारसा उपयोग होत नाही, गुंगी मात्र येते. दुसरं म्हणजे सकाळी उठल्यावर आणि फळ्यासमोर उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, असं चारदा लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी आडवं झोपवून आणि मग उभं करून बीपी मोजलं, तर वरचा आकडा 124 वरून 100 वर घसरत होता. पीबीसीच्या रुग्णांत उभं राहिल्यावर बीपी पडणं आणि थकवा यांचा संबंध आढळलेला आहे. इथे त्यात लघवी वाढवणारा घटक असलेली बीपीची गोळी आणि नागपूरचा एप्रिल यांची भर होती.

डॉक्टरांनी मग थकव्याचीच स्वतंत्र तपासणी केली. हिमोग्लोबिन 9.8 निघालं. पाळी जाण्याच्या काळातला जास्त रक्तस्राव, लोह तळाला. टीएसएच 8.9, म्हणजे थायरॉइड मंद. पीबीसीबरोबर थायरॉइडचं दुखणं पुष्कळदा जोडीने येतं. ड जीवनसत्त्व 14, तेही कमीच. “लिव्हरमुळेच थकवा” हे लेबल एकदा लागलं की असल्या, उपचाराने सुधारणाऱ्या गोष्टी त्याखाली झाकल्या जातात.

मनाचीही चाचणी केली. गुण मध्यम नैराश्याकडे झुकणारे होते. पण मॅडम एक वाक्य बोलल्या ते मी तेव्हाच टिपून ठेवलं : “मन आहे, अंग नाही.” नैराश्यात बहुधा आधी मन जातं, काही करावंसंच वाटत नाही. यांना वर्गात जायचं होतं, नव्या पुस्तकातली भूमिती शिकवायची होती, गोकुळपेठेत साड्या बघायच्या होत्या. उदासी होती, तिच्यावर बोलण्याने काम झालं. थकव्याचं सगळं खापर मात्र तिच्यावर फोडलं नाही.

गोळ्यांचं वेळापत्रक

हे वाचायला कंटाळवाणं आहे, पण अशा रुग्णांच्या घरी नेमका इथेच गोंधळ होतो. खाजेसाठी कोलेस्टिरामाइनची पावडर सुरू झाली. ती पित्ताम्लं आतड्यात धरून ठेवते, आणि हाताशी आलेलं दुसरं औषधही धरून ठेवते. उर्सो आणि ती एकत्र घेतली तर उर्सो वाया. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, तिच्याजवळ लोह नको आणि ही पावडर तर नकोच. मॅडमनी फ्रिजवर वेळापत्रक लावलं : पहाटे साडेपाचला थायरॉइड, दहाच्या सुमारास डब्याबरोबर पावडर, दुपारी दोनला एक उर्सो, पाचला लोह, रात्री जेवून दोन उर्सो. डॉक्टरांनी त्यावर नुसती नजर टाकून सही केली. बीपीच्या गोळीतला लघवीचा घटक काढला गेला. दिवसाची ॲलर्जीची गोळी सुटली.

चार महिन्यांत रात्रीची सलग झोप पाच तासांवर आली, हिमोग्लोबिन 11.6. थकव्याचे दुपारचे गुण आठ-नऊवरून पाच-सहावर उतरले आणि तिथेच थांबले. राहिलेला थकवा आजाराचा स्वतःचा. त्यावर आज खात्रीची गोळी नाही. झोप उडवणाऱ्या मोडाफिनिलची नियंत्रित चाचणी झाली, तिच्यात डमी गोळीपेक्षा फायदा दिसला नाही. मॅडमना हे सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, “चला, म्हणजे आता शोधणं बंद. आता याच्यात बसवायचं.”

बसवणं

वहीतला रविवार दर आठवड्याला तसाच होता. अंगात जरा जीव वाटला की चादरी धुणं, माळ्यावरचे डबे, जळमटं, जमलंच तर सासूबाईंसाठी गोळाभात. सोमवार-मंगळवार मग सपाट. मी हे दोन-तीन प्रकारे सांगून पाहिलं, पण यजमानांना पटलं ते त्यांच्याच भाषेत : “इन्व्हर्टरची बॅटरी पार उतरू द्यायची नसते. तीस टक्क्यांवर लोड काढायचा.” त्या दिवसापासून घरात लोड काढणं हा शब्द चालतो. चादरी बुधवारी यजमान मशीनला लावतात. पोळ्यांना बाई लागली. सासूबाईंना हे आवडलं नाही; पोळ्या जाड होतात, ही तक्रार आजही आहे आणि ती रास्त आहे.

नियम ढोबळ ठेवले. चांगल्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त करायचं नाही, हा सर्वांत अवघड. दुपारी तीनच्या आधी अर्धा तास आडवं व्हायचं, त्याहून जास्त झोपलं की रात्र बिघडते. सकाळी शाळेच्या मैदानाला दहा मिनिटांची फेरी, संध्याकाळी आणखी एक, आणि खुर्चीतून हात न टेकता उठण्याबसण्याचे दहा-दहा. थकलेल्या माणसाला व्यायाम सांगणं निर्दयीपणाचं वाटतं, तरी बेताने वाढवलेल्या हालचालीचा पीबीसीच्या थकव्यात उपयोग होत असल्याचे सुरुवातीचे अनुभव चांगले आहेत. एप्रिल-मेमध्ये झोपायची खोली वरच्या मजल्यावरून खाली आणली. नागपुरात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा स्लॅबखालची खोली रात्री बारापर्यंत तापलेली असते, आणि तापलेल्या अंगाला खाज जास्त.

शाळेत मुख्याध्यापकांशी बोलायला मॅडम तयार नव्हत्या. “सहानुभूती नको” म्हणाल्या. मग सहानुभूतीऐवजी वेळापत्रक मागितलं. दहावीचे तास पहिल्या सत्रात, वर्ग तळमजल्यावर, परीक्षेचं पर्यवेक्षण बसून. निवडणुकीच्या कामातून सूट मिळावी म्हणून वैद्यकीय प्रमाणपत्र आधीच देऊन ठेवलं. उन्हाळ्यात मतदान केंद्रावर पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणं हे धडधाकट शिक्षकालाही झेपत नाही, यांचा तर प्रश्नच नव्हता.

नोकरी सोडायची का

इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. मॅडमची सेवा 1996 पासूनची, निवृत्ती 58 ला म्हणजे 2030 मध्ये. वीस वर्षं सेवा झालेली असल्याने स्वेच्छानिवृत्ती घेता येत होती, आणि 2005 च्या आधीची नेमणूक असल्याने जुनी पेन्शनही होती. घरच्या सगळ्यांचं एकमत : सोडून दे, आराम कर. अशा एकमताची मला जरा भीतीच वाटते.

बाईने नोकरी सोडली की घरचे तिला आराम मिळाला असं म्हणतात, आणि ती चोवीस तास हाताशी आहे असं धरून चालतात. दुपारी पाहुणे येतात. गॅसचा सिलिंडर, सासूबाईंचा दवाखाना, बँकेची केवायसी, सगळं तिच्याकडे सरकतं. शाळेत निदान तासाची घंटा होते.

म्हणून मी सुचवलं की राजीनाम्याआधी निवृत्तीची तालीम करून बघा. दिवाळीनंतरच्या सत्रात, 2023 मध्ये, त्यांनी साठलेली अर्धवेतनी रजा घेतली. वही चालूच. पहिल्या आठवड्यात गुण चारवर आले. महिना संपेपर्यंत पुन्हा साडेपाच. त्या महिन्याच्या पानांवर शेजारी लिहिलेले शब्द बघण्यासारखे आहेत : “सत्यनारायण, 40 माणसं.” “दूरची जाऊ, तीन दिवस.” “आईंचे डोळे, रामदासपेठ.” यजमानांनी ती पानं पाहून स्वतःच म्हटलं, “म्हणजे शाळेनं नाही थकून राहिली ही.” अर्धा पगार आणि तोच थकवा, हा हिशेब गणिताच्या बाईंना समजावून सांगावा लागला नाही. जानेवारीत त्या रुजू झाल्या. ठरलं ते असं : 55 ला, म्हणजे 2027 मध्ये, पुन्हा बसायचं. दरम्यान कार्यालयाकडून पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचा अंदाज लेखी घेऊन ठेवायचा, म्हणजे तेव्हाचा निर्णय एखाद्या वाईट आठवड्यात घाईने होणार नाही.

मुलीचं लग्न

2024 च्या पावसाळ्यात मुलीचं स्थळ जुळलं. पहिला प्रश्न मुलाकडच्यांना सांगायचं का हा. नणंदबाईंचं मत “कशाला उगाच”. मॅडम म्हणाल्या, नंतर गोळ्यांचा डबा बघून विचारतील, त्यापेक्षा आत्ता. मुलाच्या आईने दोनच गोष्टी विचारल्या. काविळीसारखं लागणारं आहे का, आणि (जरा चाचरत) घरात कुणी घेतं का. डॉक्टरांचं चार ओळींचं पत्र दाखवल्यावर विषय संपला.

दुसरा प्रश्न तारखेचा. मुलाकडच्यांना मे हवा होता, सुट्ट्या म्हणून. मॅडमनी कॅलेंडर समोर ठेवून फेब्रुवारी 2025 चा मुहूर्त मागितला. कारण उन्हाचं सांगितलं. नागपुरात ते कारण कुणी खोडत नाही. मग बसून त्यांनी लग्नाचे तीन दिवस वहीसारखे आखले. हळदीला सकाळी हजर, संध्याकाळच्या नाचगाण्याला नाही. मंगलाष्टकांना आणि पाठवणीला पूर्ण उभं राहायचं. मधल्या दोन ते चारला लॉनवरच्या खोलीत दार लावून झोप, किल्ली जावेकडे. आहेर-मानपानाची यादी यजमानांकडे आणि मुलाकडे. “आई कुठे आहे” असं कुणी विचारलं तर काय सांगायचं तेही ठरलं : “झोपली आहे.” आजारी आहे किंवा बरं नाही, असं सांगायचं नाही. चाळीस नातेवाईक खोलीकडे धावत येण्याचा धोका त्या एका वाक्याने टळला.

लग्नानंतर त्या नऊ दिवस शाळेत जाऊ शकल्या नाहीत. हे आधीच धरलेलं होतं, रजाही टाकलेली होती. आखणी केली की थकवा येत नाही असं काही होत नाही. त्याच्यासाठी जागा राखून ठेवता येते.

नर्मदा परिक्रमेचं स्वप्न जुनं होतं, निवृत्तीनंतर पायी. पायी आता नाही, हे मॅडमनी स्वतः सांगितलं आणि त्यावर फार बोलल्या नाहीत. गाडीने साधारण पंधरा-वीस दिवसांत होते, तीही हिवाळ्यात, आणि दर तिसरा दिवस मुक्कामाचा. यजमानांनी त्याआधी जबलपूर-अमरकंटकची एक छोटी फेरी मांडली आहे.

सिरोसिस असलेल्यांसाठी थोडं वेगळं

हे प्रकरण वाचून सिरोसिस असलेल्या कुणी आपला थकवा याच मापाने मोजू नये. तिथे काही गोष्टी उलट आहेत. रात्री जेवून सकाळी उशिरा खाल्लं तर तेवढ्या वेळात सिरोसिसचं शरीर स्नायू मोडून साखर बनवायला लागतं; निरोगी माणसाला दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणात जे होतं ते यांना एका रात्रीत होतं. म्हणून झोपताना दूध-पोळी, शेंगदाण्याचा लाडू, एखादी केळी असं काही खायला सांगतात, आणि एकादशी-नवरात्राचे कडक उपास सोडायला सांगतात. देवीला कोराडीला जाऊन नमस्कार करता येतो, उपाशी राहायची गरज नाही. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलनेही थकवा येतो. ती गोळी मनाने बंद केली तर रक्ताची उलटी होण्याचा धोका असतो, डॉक्टरांना विचारूनच डोस बदलायचा. आणि दिवसा झोप, रात्री टक्क जागं, सही वेडीवाकडी, बोलताना शब्द हरवणं असं दिसलं तर तो थकवा धरू नये. मेंदूवर परिणाम होत असल्याची ती खूण असते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आणि तोवर गाडी चालवू नये.

जुलै 2025 ची स्थिती

फॉस्फेटेज 159, फायब्रोस्कॅन 7.1. हाडांच्या तपासणीत किंचित विरळपणा निघाला, पीबीसीत तो धोका असतोच. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे, वेळापत्रकात त्यांना दुपारच्या जेवणाची जागा मिळाली. थकवा पाच. काही दिवस सात. मॅडम आठवीला आणि दहावीला शिकवत आहेत, आणि वही आता महिन्यातून एकच आठवडा लिहितात.

एका गोष्टीवर आमचं एकमत अजून झालेलं नाही. पीबीसी असलेल्या बाईच्या मुलींना आणि बहिणींना हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते. प्रत्यक्षात ती कमीच आहे, पण तिशीनंतर एकदा अल्कलाइन फॉस्फेटेज बघून घ्यावं, वाढलेलं असेल तरच पुढे अँटिबॉडी तपासावी, असं सांगितलं जातं. मुलगी 27 ची आहे. तिला आईचा आजार माहीत आहे, हा भाग माहीत नाही. माझं म्हणणं तिला आत्ताच सांगावं, ती मोठी आहे. मॅडम म्हणतात, पहिला दिवाळसण होऊ दे, मग सांगते.